कंपासपेटीतला हत्ती

आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी कोणती, असे कोणी विचारले की पिशवीवाले गृहस्थ क्षणाचाही विलंब न लावता सांगत, "एका अवाढव्य कंपनीला मी घाबरवलं. ती कशाला घाबरली, ते मात्र विचारू नका. त्यात माझी शोभा आहे." आणि मग, कोणी न विचारताच, ती सगळी शोभा सविस्तर सांगत.

तरुणपणी ते नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत आरेखक होते. रेघ म्हणजे सरळ रेघ, कोन म्हणजे काटकोन, पेन्सिलीला टोक आणि टोकाला टोपण, असा स्वभाव. पुढे कचेरी बंद पडली. तेव्हा पत्नीने शिलाईयंत्र रस्त्याकडच्या खोलीत सरकवले आणि म्हणाली, "तुम्ही मापं घ्या आणि कापा. शिवायचं माझ्यावर सोडा. अशी पिशवी शिवेन, की हत्ती बसला तरी उसवायची नाही." त्या एका वाक्यावर दुकान उभे राहिले. बाजाराच्या पिशव्या, दप्तरे, प्रवासाच्या बॅगा, शिवाय जुन्या बॅगांच्या चेना बदलणे आणि तुटके पट्टे जोडणे. पत्नीचे वाक्य वाया जाऊ नये म्हणून पिशवीवाल्यांनी दुकानाचे चिन्ह हत्ती ठरवले.

"एखाद्या रंगाऱ्याला बोलवा," पत्नी म्हणाली होती.

"रंगारी अंदाजाने काढतो," पिशवीवाले म्हणाले, "आणि अंदाज हा गोंधळाचा सख्खा भाऊ."

त्यांनी कंपासपेटी उघडली. हत्तीचे पोट म्हणजे कंपासने काढलेले निर्दोष वर्तुळ. डोके म्हणजे त्या वर्तुळावर मधोमध बसवलेले छोटे अर्धवर्तुळ. एका बाजूला बसवले तर तोल जातो, असे त्यांचे मत. सोंड ही पंचेचाळीस अंशांत वर गेलेली सरळ नळी. लोंबती शेपटी त्यांना गबाळी वाटे, म्हणून ती त्यांनी कोनमापकाच्या कडेने ओढून तिचे टोक पुन्हा अंगाला टेकवले. हत्ती गेला आणि शेपूट राहिले, असे आपल्या बाबतीत कोणी म्हणू नये, याची त्यांनी खास काळजी घेतली. पायांना फळीवर जागा उरली नाही, तेव्हा खाली एक आखूड पट्टी देऊन भागवले. डोळा काही केल्या भूमितीत बसेना, तो राहिलाच.

या हत्तीचा पुठ्ठ्याचा साचा करून त्यांनी तो जपून ठेवला. दरवर्षी त्या साच्याने फलक नव्याने रंगवायचा आणि त्याच आकाराचा रबरी शिक्का प्रत्येक पिशवीच्या आतल्या अंगाला उमटवायचा, हा दुकानाचा नेम झाला.

गल्लीत त्यांना सगळे "किटलीकाका" म्हणत. याचे कारण पिशवीवाल्यांना पक्के ठाऊक होते. त्यांना चहाचा षौक होता आणि दुकानातली स्टोव्हवरची किटली दिवसभर निवत नसे. आपल्या व्यसनाचा असा बोभाटा व्हावा, याची लाज वाटून त्यांनी एकदा दुकानातला चहा वर्षभर बंद ठेवला. वर्षाअखेरीस त्यांचे डोके दुखायचे थांबले, पण नाव होते तसेच राहिले. "बदनामीला चहा लागत नाही," असा निष्कर्ष काढून त्यांनी किटली पुन्हा स्टोव्हवर चढवली.

अशा सुरळीत संसारात एके दिवशी नोटीस आली. कितीतरी देशांत प्रवासी बॅगा विकणारी एक कंपनी होती. तिचेही व्यापारचिन्ह हत्ती, सोंड वर केलेला. तुमचा हत्ती आमच्या हत्तीसारखा आहे, त्याने ग्राहकांची फसगत होते, तेव्हा फलक उतरवा आणि पिशव्यांवरचा छाप थांबवा, असे कंपनीचे म्हणणे. सोबत दोन्ही हत्तींची चित्रे शेजारीशेजारी छापली होती.

भल्या माणसाला अशा वेळी घाम फुटला असता. पिशवीवाल्यांना, खरे सांगायचे तर, गुदगुल्या झाल्या.

"ऐकलंस का? आपला हत्ती त्यांच्या हत्तीसारखा आहे म्हणतात," ते पत्नीला म्हणाले.

पत्नीने यंत्राचे चाक हाताने थांबवले, दोन्ही चित्रे पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिले. "म्हणतात का?" एवढेच बोलून तिने चाक पुन्हा फिरवले.

पण फलक उतरवण्याचा विचार मनात आला, तसा त्या गुदगुल्यांचा जोर ओसरला. दुकानाला दुसरे नाव नव्हते. फलकावर "पिशव्या व बॅगा" ही अक्षरे आणि तो हत्ती, एवढीच दौलत. शिवाय हत्ती पत्नीच्या शब्दाचा होता. तो उतरवायचा म्हणजे तिचा शब्द मागे घ्यायचा. फलक जागचा हलला नाही आणि कंपनीने न्यायालयात दावा लावला.

त्यांची भाची वकील होती. ती आली, नोटीस वाचली, बाहेर जाऊन फलकाकडे बराच वेळ पाहत राहिली आणि आत आली तेव्हा तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"मामा, आपलं म्हणणं अगदी साधं. दोन्ही चित्रांत साम्य नाही. कुणाचीच फसगत होणार नाही."

"अर्थात," पिशवीवाले म्हणाले. "आपल्या हत्तीत प्रमाणबद्धता आहे."

"हो, ती आहेच." भाचीला खोकला आला. "फक्त एक करा. न्यायाधीशबाई फलक प्रत्यक्ष पाहायला मागतील. तो आहे तस्सा आणायचा. हात लावायचा नाही."

हात लावू नकोस, असे शिस्तीच्या माणसाला सांगणे म्हणजे मांजरीला दूध राखायला बसवणे. त्या वर्षीचे रंगकाम व्हायचे होते. फलकाचे पोपडे निघालेले. न्यायालयात जाणारा माणूस दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून जातो. मग हत्तीने तसेच पारोसे का जावे? पिशवीवाल्यांनी ब्रश घेतला. आधी फक्त रंग ताजा करायचा होता. मग वाटले, एवढे मोठे लोक बघणार, तर कान असावेत. मग सुळे. मग पाय चार असावेत. नमुन्याला दुसरा हत्ती जवळ नव्हता, तेव्हा त्यांनी नोटिशीतला कंपनीचा हत्ती समोर ठेवला आणि तो मोठ्या निष्ठेने उतरवून काढला. सोंडेला बाकसुद्धा दिला. आयुष्यात प्रथमच त्यांचा हत्ती हत्तीसारखा दिसू लागला.

सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी भाची फलक बघायला आली आणि दारातच मटकन बसली.

"मामा! हे काय केलंत?"

"जरा नीटनेटका केला."

"नीटनेटका? अहो, कालपर्यंत त्यांचा आरोप खोटा होता. आज तुम्ही तो स्वतःच्या हाताने खरा केलात! चोरीचा आळ आला म्हणून उद्या जाऊन चोरी करून याल!"

पिशवीवाल्यांची अवस्था भर वर्गात हसू झालेल्या मास्तरासारखी झाली. पत्नी टर्पेंटाइनची बाटली आणि चिंध्या घेऊन आली. रंग ओला होता म्हणून निभावले. कान गेले, सुळे गेले, पाय गेले. खालून जुने वर्तुळ, नळी आणि कमान, पोपड्यांसकट वर आली. पुसताना पत्नी स्वतःशीच पुटपुटली, "हं, आता ओळखीचं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी फलक जुन्या चादरीत गुंडाळून न्यायालयात नेला. लांबट खोली, उंच खिडक्या, बसले की कुरकुरणारे बाक. कंपनीच्या वकिलांची बॅग चकचकीत आणि तिच्यावर सोनेरी हत्ती. पिशवीवाल्यांनी सवयीने तिच्या शिवणीकडे पाहिले. शिवण चांगली होती, हे त्यांना कबूल करावे लागले. कंपनीच्या वकिलांनी हत्ती, सोंड, बॅगांचा धंदा ही साम्ये ओळीने मांडली. मग भाचीने साक्षीला समोरच्या न्हाव्याला उभे केले. वर्षानुवर्षे तो फलक आपल्या आरशात पाहत आलेला माणूस.

"हा फलक ओळखता?"

"न ओळखायला काय झालं? काकांच्या दुकानाचा आहे."

"त्यावर काय काढलंय?"

"किटली."

पिशवीवाले बाकावरून अर्धे उठले. पत्नीने कोट धरून त्यांना खाली बसवले.

"नक्की किटलीच?" भाचीने विचारले.

"मग काय! ही तोटी, हे झाकण, ही कडी. म्हणून तर किटलीकाका म्हणतो आम्ही. आता बॅगांच्या दुकानावर किटली का, ते नाही सांगता येत बुवा. मोठ्या माणसांचे षौक असतात."

खोलीत खसखस पिकली. पिशवीवाल्यांच्या डोळ्यांसमोरून चहाविना काढलेले ते अख्खे वर्ष, प्रत्येक डोकेदुखीसकट, संथपणे निघून गेले.

पण कंपनीचे वकील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी खुद्द पिशवीवाल्यांनाच पिंजऱ्यात बोलावले.

"चित्र तुम्ही स्वतः काढलंत?"

"होय."

"शपथेवर सांगा. काय काढलंत?"

भाचीने मान खाली घातली. किटली म्हटले की फलक वाचत होता. शब्द तीन अक्षरांचा, बोलायला सोपा, आणि सारी गल्ली त्याच्या पाठीशी होती. पिशवीवाल्यांनी पत्नीकडे पाहिले. ती मांडीवर हात ठेवून शांत बसली होती.

"हत्ती," ते म्हणाले. "माझी बायको म्हणाली होती, तिच्या पिशवीवर हत्ती बसला तरी ती उसवायची नाही. तो हा हत्ती. कोणी दुसरं काही म्हणत असेल तर तो माझ्या हाताचा दोष, हत्तीचा नव्हे."

"पाहिलंत, बाईसाहेब?" कंपनीचे वकील उजळले. "हेतू कबूल झाला!"

न्यायाधीशबाईंनी चष्मा पुसून फलक पुन्हा न्याहाळला. मग दाराशी उभ्या असलेल्या पट्टेवाल्याला हाक मारली. "तुम्हाला काय दिसतंय?"

"किटली, बाईसाहेब."

"वकीलसाहेब, प्रश्न यांना काय काढायचं होतं हा नाही. बघणाऱ्याला काय दिसतं, हा आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या कंपनीची बॅग घ्यायला निघालेला माणूस या चित्रापाशी थांबून फसेल, असं तुम्हाला मनापासून वाटतं?"

वकिलांनी फलकाकडे पाहिले. त्यांनाही, बिचाऱ्यांना, डोळे होते. थोडी कुजबुज झाली, कंपनीला दूरध्वनी गेला आणि दुपारपर्यंत तडजोड ठरली. कंपनीने दावा मागे घ्यावा. फलक आणि छाप राहावेत. मात्र पिशवीवाल्यांनी चित्रात यापुढे कसलीही सुधारणा करू नये. पिशवीवाल्यांनी तिथे आपल्या वळणदार अक्षरात सही केली. स्वतःचा हत्ती कधीही न सुधारण्याची लेखी हमी देणारा चित्रकार आपल्याखेरीज जगात दुसरा नसेल, असे ते पुढे अभिमानाने सांगत.

घरी येताना त्यांनी पत्नीला विचारले, "तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, पहिल्याच दिवशी एक बाई आली आणि म्हणाली, किटलीचं दुकान हेच ना? म्हटलं, गिऱ्हाईक आलं ना दारात? मग कशाला बोला." थोडे चालून गेल्यावर ती म्हणाली, "तिथं मात्र हत्ती म्हणालात, ते बरं केलंत."

पिशवीवाल्यांनी फलक बगलेत जरा वर सरकवला.

रंगकाम राहिले होते, ते त्यांनी नंतर सवडीने काढले. साचा धरला, वर्तुळ भरले, नळी भरली, कमान भरली. सगळे हमीबरहुकूम झाले. पण ब्रश धुवायला टाकण्यापूर्वी हात शिवशिवला. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि अर्धवर्तुळात, नेमक्या जागी, मोहरीएवढा काळा ठिपका दिला. दोन पावले मागे सरून पाहिले. हत्ती त्यांच्याकडे बघत होता.

समोरून, गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा तसाच धरून, न्हावी ओरडला, "काका, किटलीवर माशी बसली!"

पिशवीवाल्यांनी अंगठ्याने तो ठिपका पुसून टाकला आणि चहा ठेवायला आत गेले.