कलंक शब्दाचं उदाहरण

पेणच्या शाळेत मराठी शिकवणारे दामोदर सर मूळचे रोह्याचे. शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचे, सोमवारी परत. शब्दांवर भारी जीव. धड्यात एखादा शब्द अडला की तो कुठून आला, कसा झिजला, हे सांगितल्याशिवाय त्यांचं पान उलटत नसे.

बहात्तर सालच्या श्रावणात आठवीच्या वर्गात चंद्रावतीनं विचारलं, "सर, कलंक म्हणजे?"

ती धरमतरच्या खाडीकाठच्या मिठागरात राबणाऱ्या कान्हूची धाकटी लेक. तास संपत आला होता, सरांना घाई झाली. "कलंक म्हणजे डाग. घरातली मुलगी पळून गेली की कुळाला कलंक लागला म्हणतात ना, तसा."

वर्गातल्या माना एकदम चंद्रावतीकडे वळल्या. तिची थोरली बहीण गोदू नुकतीच रोह्याच्या वाटेवरच्या खांब गावातल्या एका परजातीतल्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली होती. सरांनी ते शिक्षकांच्या खोलीत ऐकलंही होतं. आठवलं ते बोलून गेल्यावर.

दुसऱ्या दिवशी चंद्रावती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. तिची रिकामी जागा सरांना सलत राहिली. शेवटी ते चिखल तुडवत तिच्या गावी गेले.

कान्हू ओटीवर जाळं शिवत होता. त्यानं घोंगडी अंथरली. "पोर येत नाय म्हनते, मास्तर. का, ते सांगत नाय."

चंद्रावती दाराआड उभी होती. माफी मागायची म्हणून आलेले सर तिला पाहताच भलतंच बोलायला लागले. "अगं, तो शब्द नीट सांगायचा राहिला. संस्कृतात कलंक म्हणजे डाग, तसाच धातूवरचा गंजही. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की हिरवट होतं, तोंडात कसंनुसं लागतं. आपण म्हणतो ना, ताक कळकलं? ते कळकणं कलंकातूनच आलंय. म्हणजे मूळ शब्द भांड्याकुंड्यांचा—"

"पन तुमी भांड्याचं नाय बोललात सर," चंद्रावती म्हणाली. "माज्या भनीचं बोललात."

कान्हूचा सुईचा हात थांबला. त्याला आत्ता उमगलं.

"चुकलो मी," सर म्हणाले.

"हितं म्हनून काय? तवा सगले व्हते."

सोमवारी सरांनी वर्गात पुस्तक उघडलं नाही. "मी दिलेलं उदाहरण वाईट होतं. कुणी आपल्या मनानं लग्न केलं, तर तो कलंक नव्हे. मी तसं म्हणायला नको होतं." मागच्या बाकावरून कुणीतरी फिदीफिदी हसलं. सरांनी तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.

वर्गात झालेलं गावात पोचलं. आठवड्याभरानं चंद्रावती आली आणि मुकाट्यानं जागेवर बसली.

सरांच्या मनातून मात्र गोदू जाईना. जिला कधी पाहिलं नाही, तिला आपण कुळाचा डाग करून टाकलं. फाल्गुनातल्या एका शनिवारी ते रोह्याला जाताना मध्येच खांबला उतरले. हमरस्त्यालगत तिच्या नवऱ्यानं तिला चहाची टपरी घालून दिली होती. स्टोव्हपाशी गोदू, सात-आठ महिन्यांची पोटुशी, कपबश्या विसळत होती.

"पेनचं सर ना तुमी? आमच्या चंद्रीचं?" तिनंच ओळखलं. एकदा बहिणीला शाळेत सोडायला आली होती तेव्हा पाहिलं होतं म्हणे. "शिकवा हां तिला. आबा माज्याशी बोलत नाय, पन तिला तरी थांबवू नका म्हनावं."

सरांनी मान डोलावली. रस्ताभर जुळवलेलं माफीचं वाक्य तसंच राहून गेलं. गोदूनं बसायला फळकूट पुसून दिलं, चहात आलं जास्त घातलं. तो चहा त्यांनी कसाबसा संपवला.

रोह्याची एसटी आली. "परत या," गोदू म्हणाली. सर चढले आणि खिडकीतून टपरी दिसणार नाही अशा बाजूला जाऊन बसले.