एर्लेनबाखर आडनावाच्या टाचण्या

"अरे, साडेअकरा वाजले तरी काकांचा झेंडा वर नाही," मुग्धा फोनवर म्हणाली. शनिवार होता आणि मी इंडियन ग्रोसरीत भेंड्या निवडत होतो. बाहेरच्या माणसाला या वाक्यातून काही कळणार नाही, पण मी भेंड्यांची पिशवी तिथंच टाकून गाडीकडे पळालो. इथं घरासमोर रस्त्याच्या कडेला खांबावर टपालाची पेटी असते आणि तिला पत्र्याचा छोटा लाल झेंडा असतो. पत्रं पाठवायची असली की ती पेटीत ठेवायची आणि झेंडा उभा करायचा, म्हणजे पोस्टमन घेऊन जातो. आमचे शेजारी वॉल्टर एर्लेनबाखर गेली सहा वर्षं दर शनिवारी दहाच्या ठोक्याला तो झेंडा उभा करत. बर्फ असो नाहीतर अंगात ताप असो. त्यांच्या घराची किल्ली आमच्याकडे असायची. आम्ही दोघं आत गेलो तेव्हा ते बेसमेंटमधल्या खुर्चीत होते, भिंतीवरच्या नकाशाकडे तोंड करून. सहा पोस्टकार्डं लिहून झाली होती, सातव्यावर अर्धाच पत्ता होता आणि पेनाचं टोपण उघडं होतं... त्याला आता सहा आठवडे झाले.

ओहायोतल्या डब्लिनमध्ये आम्ही घर घेतलं त्याला नऊ वर्षं झाली. पहिल्याच आठवड्यात गवत कापायच्या मशीनशी माझी झटापट चाललेली बघून एक उंच, वाकलेला म्हातारा न बोलावता आला, मशीन आडवी केली, आतलं अडकलेलं गवत बोटांनी काढलं आणि मग हात पुढे करून नाव सांगितलं. नाव कळलं की मराठी माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला. मी विचारला, "मूळचे कुठले?" मुग्धानं मागून माझा शर्ट ओढला, कारण हा प्रश्न इथं विचारायचा नसतो, लोकांना राग येतो. यांना राग आला नाही. उलट कुणीतरी हे विचारावं म्हणून ते वर्षानुवर्षं थांबले असावेत असा चेहरा झाला. जर्मनीत एर्ले नावाचं झाड ओढ्याकाठी वाढतं, त्याचं लाकूड पाण्याखाली कुजत नाही. बाख म्हणजे ओढा. एर्लेनबाख म्हणजे त्या झाडांच्या ओढ्याचं गाव आणि एर्लेनबाखर म्हणजे त्या गावचा माणूस. मी म्हटलं, मग आपण भाऊबंदच, मी पिंपळगावकर. पिंपळ काय आणि गाव काय हे मी त्यांना तिथंच उन्हात उभं राहून समजावलं. "तुझं ते गाव कुठं आहे?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं, की महाराष्ट्रात दगड भिरकावला तर कुठल्यातरी पिंपळगावात पडेल, आमचं त्यातलं कुठलं ते आमच्या आजोबांनाही माहीत नव्हतं. ते खो खो हसले. त्यांचंही तेच होतं. जर्मनीत एर्लेनबाख एक नाही, बरीच आहेत, आणि जहाजातून उतरलेल्या पूर्वजानं आपलं कुठलं ते लिहून ठेवलं नव्हतं. त्या दिवसापासून ते आमचे वॉल्टरकाका झाले.

या आडनावाचा त्यांना अभिमान होता, आणि तो कधीकधी डोक्यात जायचा. पहिल्या महायुद्धात जर्मन नाव असणं इथं संकटाचं झालं होतं, तेव्हा शेजारपाजारच्या म्युलरांचे मिलर झाले, श्मिटांचे स्मिथ झाले, पण त्यांच्या आजोबांनी दारावरची पाटी उतरवली नाही. ही गोष्ट मी किमान चाळीस वेळा ऐकली असेन. आडनावाचे लोक पेन्सिल्व्हेनियात सगळ्यात दाट, तिथून शेतीच्या शोधात पश्चिमेकडे सरकत ओहायो, इंडियाना, मिझुरी, वर वळून विस्कॉन्सिन. पुढे नोकऱ्यांमागे गेलेले एकेकटे टेक्सास, कॅलिफोर्निया, आयडाहो. हे सगळं ते असं सांगत जसं आपण चुलत्यांची घरं सांगतो. पहिली तीन वर्षं मला वाटलं, रिटायर्ड माणसाचा हा छंद आहे. मग एका शनिवारी त्यांनी मला बेसमेंटमध्ये नेलं, अख्ख्या अमेरिकेचा भिंतभर नकाशा दाखवला आणि म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला आहेस. मला हे लोक शोधून दे. सगळे. यातल्या कुणाला तरी माझा मुलगा ठाऊक असेल, किंवा यातलाच कुणीतरी तो असेल."

मुलगा, डॅनियल, त्याच्याही पाच वर्षं आधी घर सोडून गेला होता. मार्था, म्हणजे त्याची आई, आजारी होती. उपचारांचा उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मुलाचं म्हणणं पडलं, आता तिला त्रास देऊ नका, घरी आणा. वडिलांनी ऐकलं नाही. ती हॉस्पिटलमध्येच नळ्यांच्या गराड्यात गेली. अंत्यविधीनंतर बापलेकांचं भांडण झालं आणि मुलगा गेला तो गेलाच. फोन बदलला, नोकरी बदलली. एवढंच त्यांनी मला सांगितलं. "तो बरोबर होता," हेही सांगितलं, पण खिडकीकडे बघत.

मग आमचा शनिवारचा उद्योग सुरू झाला. मी विम्याच्या एका कंपनीत डेटाचं काम करतो, याद्या काढणं हा माझ्या हातचा मळ. घरमालकांच्या नोंदी, मतदारयाद्या, जुन्या फोन डिरेक्टऱ्या, जिथं जिथं हे आडनाव सापडलं तिथला पत्ता मी छापून न्यायचा आणि काकांनी नकाशावर पांढऱ्या डोक्याची टाचणी लावून त्या घराला कार्ड लिहायचं. मजकूर एकच: मी ओहायोचा वॉल्टर एर्लेनबाखर, माझा मुलगा डॅनियल शोधतो आहे, तो तुमच्याकडे नसेल तरी कळवा, आणि हे नाव तुमच्याकडे कसं आलं तेही लिहा. एक टाचणी लाल होती. ती काडेपेटीत वेगळी ठेवलेली असे, डॅनियलसाठी. उत्तरं यायची, खूप यायची. विस्कॉन्सिनच्या एका नननं लिहिलं, माझ्या शाखेतली मी शेवटची. मिनेसोटातल्या एका बाईनं लिहिलं, मला कोरियातून दत्तक घेतलं, माझ्याकडे नुसतं नाव आहे, रक्त नाही, चालेल का? काकांनी उलट टपाली कळवलं, "चालेल. नाव आहे ना, मग तू आमचीच." नकाशा पांढऱ्या टाचण्यांनी भरत गेला. टेक्सासात दोन डॅनियल सापडले, एक शाळेत जाणारा, दुसरा नव्वदीचा. प्रत्येक कार्डानंतर दहा-बारा दिवस हा माणूस टपालपेटीभोवती घुटमळायचा, आणि मला ऑफिसला जाताना ते बघवायचं नाही म्हणून मी मान खाली घालून गाडी काढायचो.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहितो, नाहीतर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. दोन वर्षांपूर्वी संपूर्ण यादी संपली. एर्लेनबाखर म्हणून नोंदलेलं एकही घर उरलं नाही. काकांनी पुन्हा पहिल्या टाचणीपासून कार्डं लिहायला घेतली. त्या संध्याकाळी जेवताना मी हे सांगत होतो तर मुग्धा म्हणाली, "त्यानं नावच चेंज केलं असेल तर?"

"पुरुष कशाला नाव चेंज करेल, यार?" मी हसलो.

"बायकोचं घेतलं असेल. इथं घेतात कोणी कोणी. आणि नाव बदललेला माणूस जुन्या नावानं सर्च करून सापडतो का? मी सापडते का कुणाला?"

ती सापडत नाही, हे खरं आहे. ती जन्मानं स्वाती जोशी. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लग्नात ताटात तांदूळ पसरून मी अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, आणि एका दुपारीत स्वाती जोशीची मुग्धा पिंपळगावकर झाली. तिच्या शाळेतल्या मैत्रिणी आजही इंटरनेटवर स्वाती जोशीला शोधतात आणि त्यांना भलत्याच स्वात्या भेटतात. मी म्हटलं, "तुमचं वेगळं असतं." तिनं माझ्याकडे पाहिलं, पोळी वाढली आणि विषय संपवला. बायकांचं वेगळं असतं! केवढ्या सहज म्हणालो मी ते.

पुढच्या शनिवारी गंमत म्हणून मी हे काकांना सांगितलं. गंमत म्हणून, लक्षात घ्या. त्यांच्या हातातला कॉफीचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी तो तसाच खाली ठेवला. मग म्हणाले, "एर्लेनबाखर नाव टाकत नाही," आणि पुढचं कार्ड ओढलं. मला वाटलं, झालं, आता आजोबांची पाटी येणार. ती आली नाही, याचंच मला नवल वाटलं होतं, पण मी पुढं काही विचारलं नाही.

काका गेल्यावर त्यांच्या चर्चनं वर्तमानपत्रात निधनवार्ता दिली. पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी, एक पन्नाशीचा उंच माणूस आमच्या दाराशी आला. जरा वाकून उभं राहायची ती लकब बघून मुग्धाच्या हातातली टोपली खाली पडली. त्यानं नाव सांगितलं, डॅनियल प्रुएट. प्रुएट हे त्याच्या बायकोचं आडनाव. इंडियानात राहतो. इथून गाडीनं तीन तास.

मुग्धानं चहा केला. तो कपाला हात न लावता बोलत राहिला. "मी दर वर्षी त्यांच्या वाढदिवसाला इंटरनेटवर त्यांचं नाव टाइप करायचो. जिवंत आहेत ना, एवढंच बघायला. या वर्षी टाइप केलं तर..." मी विचारलं, मग आला का नाहीस? माझा आवाज चढला होता, मुग्धानं डोळ्यांनी दटावलं. तो म्हणाला, "दोनदा आलो. कोपऱ्यापर्यंत. त्यांनी मला सांगितलं होतं, हे नाव टाक आणि मग घराबाहेर हो. मी टाकलं. वाटलं, मला परत घरात घ्यावंसं वाटलं तर ते बोलावतील."

काकांना ठाऊक होतं! स्वतःच्या तोंडून गेलेला शब्द ते विसरले नव्हते, म्हणून तर कप थांबला होता. मुलानं तो शब्द पाळला असेल, हे मान्य करण्यापेक्षा त्यांनी दुसऱ्यांदा अख्खी अमेरिका पालथी घालायला घेतली. मला त्यांचा भयंकर राग आला. अजूनही येतो. पण त्यांच्याकडे हे न मानण्याचं कारण तरी होतं. माझ्याकडे काय कारण होतं? मुग्धाच्या व्हिसाच्या, पासपोर्टच्या, ग्रीन कार्डच्या प्रत्येक फॉर्मवर एक रकाना असतो, यापूर्वी वापरलेली इतर नावं. तो रकाना वर्षानुवर्षं मी माझ्या हातानं भरला आहे, स्वाती जोशी, स्वाती जोशी, स्वाती जोशी. डॅनियल गेला त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि तोच रकाना धरून शोध घेतला. इंडियानातल्या एका कोर्टाची नोंद निघाली, जुनं नाव, नवं नाव, गाव. दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा असं आपण म्हणतो आणि हसतो. मी त्या म्हाताऱ्याला सहा वर्षं वळसा घालायला लावला, आणि वर मोठा उपकार करतोय अशा थाटात शनिवारची कॉफी प्यायलो. मुग्धानं मला एका शब्दानंही 'मी म्हटलं नव्हतं का' ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं.

जाण्याआधी मी डॅनियलला बेसमेंटमध्ये नेलं होतं. तो नकाशासमोर उभा राहिला, खूप वेळ. मग इंडियानावर बोट ठेवून आपलं गाव शोधू लागला. आजूबाजूला टाचण्या होत्या, चार-पाच तरी. त्यांच्या मधोमध त्याचं बोट थांबलं. तिथं टाचणी नव्हती. भोकही नव्हतं. "इथं कधीच नव्हती?" त्यानं विचारलं. मी नाही म्हणालो. मी त्याला काडेपेटी दिली आणि लाल टाचणी कुणासाठी होती ते सांगितलं. ती त्यानं नकाशावर लावली नाही. शर्टाच्या खिशात टाकली, खिशावर हात दाबून धरला आणि तसाच जिना चढून गेला. नकाशा तुम्हीच ठेवा म्हणाला. तो आता आमच्या बेसमेंटमध्ये गुंडाळून ठेवलेला आहे, टाचण्या एका बरणीत.

ती लिहून झालेली सहा कार्डं मी काका गेल्यानंतरच्या सोमवारी पोस्टात टाकली होती. तेव्हा डॅनियल आलेला नव्हता, आणि फाडून टाकायची हिंमत झाली नव्हती. गेल्या शनिवारी त्यातल्या एकाचं उत्तर आलं, आयडाहोहून, थरथरत्या अक्षरात. 'प्रिय वॉल्टर, तुमचं कार्ड दुसऱ्यांदा आलं म्हणजे तो अजून सापडलेला नाही. आमच्याकडे तो नाही हो. मी रोज प्रार्थना करते. सापडला की मला जरूर कळवा, मी वाट बघते आहे.' मुग्धा म्हणाली, कळव त्यांना. काकांच्या टेबलावरचं सातवं कार्ड माझ्याकडेच होतं. त्यावरचा अर्धा पत्ता खोडून मी त्या बाईंचा घातला आणि मागच्या बाजूला लिहिलं, 'डॅनियल सापडला. तीन तासांच्या अंतरावर होता.' पुढं काय लिहावं ते सुचेना. खाली कुणाची सही करावी तेही कळेना. तसंच ते कार्ड घेऊन मी शेजारी गेलो, काकांच्या पेटीत ठेवलं आणि झेंडा उभा केला. दहा वाजले होते.