नाशिकची बिनखिडकीची खोली

आख्ख्या चांदवड तालुक्यात माझ्याएवढ्या कांदाचाळी कोणी बांधल्या नसतील. त्यातल्या किती अजून उभ्या आहेत ते मात्र विचारू नका. एक चाळ तर वाऱ्यानं उचलून शेजारच्या वावरात नेऊन ठेवली, आणि शेजारी म्हणाला, राहू दे आता, बरी बसलीय.

कांदाचाळ (कांदा साठवायची लांबट झोपडी) बांधायची म्हणजे काय, तर खालून हवा, बाजूनं हवा, पट्ट्यांमधे फटी. फटी ठेवायच्या, एवढंच माझं शिक्षण. शाळेचं आणि माझं जमलंच नाही. असा मी माणूस नाशिकला गेलो, आणि एकसुद्धा फट नसलेली खोली बघून आलो. तिथं माझं काय झालं ते सांगतो. हसायचं तर हसा, घरातले हसून मोकळे झालेत.

सुमन, म्हणजे माझी बायको, तिच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, टाके वाळले. मग डॉक्टर म्हणाले, आता शेक द्यायचा. आपण गुडघ्याला गरम विटेचा देतो तो शेक नव्हे. मशीनमधून किरणं सोडतात. ती दिसत नाहीत, पण गाठीचं उरलंसुरलं मारतात. रोज जायचं, रोज यायचं, असं आठवडेच्या आठवडे. मला बाजूला घेऊन डॉक्टर म्हणाले, "हे अर्धवट सोडू नका, गाठ परत येऊ शकते." मी मान हलवली. त्यानंतर माझं पोट जे बिघडलं ते बिघडलंच.

तेवढ्यात गल्लीतल्या कोणीतरी सुमनला सांगितलं, की पेशंटला आत एकटं ठेवतात, दार लावतात आणि सगळे बाहेर पळतात.

"डॉक्टर पळतो म्हंजी काय समजायचं?" सुमन म्हणाली. "मी नाय जायची."

मी छाती पुढं काढली. "मी हाय ना. मी येतो आत तुझ्यासंगं."

"शप्पथ?"

"रेणुकामातेची."

"मग येते. पण तिथं एकटीला टाकलंत तर उठून घरी येईन. पुन्हा नाशिकचं नाव काढायचं नाय."

शप्पथ घेताना मी कोणाला विचारलं होतं? कोणालाच नाही. विचारून कामं केली असती तर चाळी नसत्या का उभ्या राहिल्या?

सकाळच्या एसटीनं निघालो. तेव्हा मुंबई-आग्रा रोड चौपदरी व्हायचा होता. समोरून येणारा प्रत्येक ट्रक माझंच नाव विचारत येतोय असं मला वाटायचं. सुमन खिडकीशी बसून कोणाची द्राक्षबाग खुडली, कोणाची राहिली ते बघत होती. मी डोळे मिटून देवाशी बोलत होतो. देवाला मधे मधे कंडक्टरची घंटा ऐकू येत असणार.

पिंपळगाव बसवंतला गाडी थांबली. द्राक्षांचे दिवस होते, रस्त्याच्या कडेला टेम्पोंची रांग आणि वास असा गोड, की नुसता श्वास घेतला तरी माशा बसाव्यात. माझ्या पोटानं मला खाली उतरवलं. आडोशाला जाऊन आलो, घाईघाईत गाडीत चढलो आणि सीटवर बसत म्हणालो, "सुमे, सरक जरा."

"कोण सुमी?" शेजारची बाई म्हणाली. मांडीवर गाठोडं आणि डोळ्यांत जाळ. "उठतो का हाक मारू कंडक्टरला?"

गाडी मालेगावची होती. मी उडी मारली, आमची गाडी सुटता सुटता धरली. सुमननं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"अजून ओझर नाय आलं," ती खिडकीला म्हणाली, "तर मला टाकून चालले व्हते."

ओझरला एक म्हातारबाबा चढले. कुठं, कशाला, सगळं विचारून झालं. शेक म्हटल्यावर म्हणाले, "माझ्या साडूला दिला व्हता, घशाला."

"मग?" मी पुढं सरकून विचारलं.

"मग काय, धडधाकट हाय. तोंडाची चव तेवढी गेली. आता बायको कसंबी करो, मुकाट खातो."

सुमन खळखळून हसली. मी बाबांच्या तोंडाकडं बघत राहिलो. अजून काहीतरी राहिलंय, हा सांगत नाही, असं मला वाटत होतं.

नाशिकला स्टँडसमोर मिसळ घेतली. तर्री (वरचा लाल तिखट रस्सा) बघून एरवी माझ्या तोंडाला पाणी सुटतं. त्या दिवशी मी नुसता पाव चिवडत बसलो. सुमननं तिची खाल्ली, मग माझी ओढून खाल्ली. "पैशे वाया जात्यात," म्हणाली. मग रिक्षा केली.

दवाखाना नवा कोरा. सगळीकडं खिडक्या, जिने, झाडांच्या कुंड्या. पण मागच्या अंगाला इमारतीला एक करडा ठोकळा चिकटवला होता. खिडकी नाही, झरोका नाही. मी त्याला हात लावून बघितला. उन्हात असूनही गार. आतून कोणी ओरडलं तर बाहेर काय ऐकू येणार, हा विचार मनात आला आणि मी हात काढून घेतला.

आत गेलो तर ठोकळ्याच्या तोंडाशी एक जाडजूड दार उघडं होतं, वर दिवा होता, आणि दारातून एक बोळ आत जाऊन वळला होता. वळणापलीकडं काय आहे ते दिसत नव्हतं. अर्धवट उजेड, गारवा, वळण. माझ्या पायांना वाटलं गाभारा आला. मी आपोआप चपला काढल्या आणि हात जोडले.

मशीन चालवणारा पोरगेला माणूस आला. "काका, चपला घाला. आत देव नाहीये."

"मग कोण हाय?" सुमन म्हणाली.

तो कामाला लागला. तिला म्हणाला, अंगावरचे दागिने काढा. सुमननं मंगळसूत्र काढलं. ऑपरेशनच्या वेळी ते आत नेऊन काढलं होतं; माझ्यासमोर उतरलेलं मी लग्नापासून कधी बघितलं नव्हतं. तिचा गळा एकदम परक्या बाईचा वाटला. माझा खिसा फाटका, म्हणून मी ते माझ्याच गळ्यात घालून शर्टाची गुंडी लावली.

"काकू, चला. काका, तुम्ही इथंच थांबायचं."

"मी आत येणारे."

"आत कोणालाच येता येत नाही. मीपण नसतो."

सुमननं माझ्याकडं बघितलं. हात पुढं केला. "मंगळसूत्र द्या. गाडी असंल परतीची."

ती गेली असती हो. ती बोलते ते करते. मी गुंडी सोडतोय, ती सुटत नाहीये, आणि डॉक्टरांचं 'परत येऊ शकते' कानात वाजतंय.

तिथं बाकावर एक बाई बसली होती. काखेत नकाशांची गुंडाळी, हातात टेप. ती उठून आली. ही आर्किटेक्ट. ही खोली तिनंच आखलेली, आणि शेजारच्या मोकळ्या जागेत दुसरी तसलीच खोली व्हायची होती, तिचे नकाशे चालले होते. माणसं कुठं अडतात, कुठं घाबरतात ते बघायला ती येऊन बसायची.

"ताई," ती सुमनला म्हणाली, "जायचंय तर जा. पण आधी एकदा आत बघून घ्या. मशीन बंद आहे. दोघंही या."

आम्ही तिच्या मागं गेलो. मी शेवटी. बोळ वळला, भिंत आली. माझी खाट आडवी मावेल एवढी जाड.

"मॅडम, एवढ्या काँक्रीटमधे आमचं आख्खं गाव झालं असतं," मी म्हणालो. घाबरलो की मला बोलायला लागतं. "मी पण बांधकामातलाच. एक खिडकी ठेवली असती तर काय बिघडत होतं? निदान एक फट?"

"किरणं सरळ जातात," ती म्हणाली. "भिंतीवर आपटली की दमतात. वळणावर परत आपटतात, परत दमतात. दारापर्यंत पोचायच्या आत संपायला पाहिजेत. म्हणून वाट मोडलेली आणि भिंती जाड. काँक्रीटमधे एक बारीक पोकळी राहिली असती तरी सगळं वाया. तुम्ही काय बांधता?"

"कांदाचाळी."

ती वळून म्हणाली, "मग तुमचं आणि माझं काम बरोबर उलटं आहे."

माझ्या कामाला कोणी पहिल्यांदाच काम म्हटलं होतं. मी फुगलो. सुमन म्हणाली, "यांची उलटी पडती, तुमची उभी हाय. तेवढाच फरक."

आत मोठं मशीन, खाली अरुंद फळी. आर्किटेक्टनं सुमनला विचारलं, "नक्की कुठं भीती वाटली?"

सुमननं वळणाकडं बोट दाखवलं. "तिथं. तिथवर हे दिसत्यात. मग नाय दिसत."

"वळण मला काढता येणार नाही," ती बाई म्हणाली. खोटा धीर दिला नाही, हे मला आवडलं, आणि त्यानंच जास्त भीती वाटली. मग कोपऱ्यातला कॅमेरा आणि छोटा स्पीकर दाखवून म्हणाली, "बाहेर पडद्यावर तुम्ही दिसता. बाहेरून बोललेलं इथं ऐकू येतं, तुमचं बाहेर जातं. नव्या खोलीत नातेवाइकांसाठीच एक माईक ठेवायचं माझ्या डोक्यात आहे. आज यांना बोलू दे. चालेल?"

सुमननं मशीनकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग फळीवर बसली.

त्या माणसानं तिचे हात डोक्यावर ठेवून आधार लावला, अंगावर जांभळ्या शाईच्या खुणा केल्या, उजेडाच्या रेघा त्यांच्यावर बसवल्या. "काकू, आता हलायचं नाही. अजिबात." मग आम्ही सगळे बाहेर, आणि ते दार हळूहळू लागलं. पडद्यावर सुमन एवढीशी. आजवर मी तिला एवढी लहान कधी बघितली नव्हती.

"बोला काका," तो म्हणाला. "दोन शब्द. मग मी चालू करतो."

दिवसभर माझं तोंड बंद नसतं. त्या माईकसमोर मी नुसता पडद्याकडं बघत राहिलो. पडद्यावर ती हलत नव्हती. हलायचं नाही म्हणूनच हलत नव्हती, पण मला ते कसं कळणार? श्वास चाललाय का दिसेना. काहीतरी ऐकू यावं, तिचा आवाज यावा, म्हणून मी लग्नात ओरडतात तसा ओरडलो, "सुमे, नाव घे!"

आतून खरखर, आणि सुमनचा आवाज आला, अगदी मांडवात म्हणतात त्या सुरात:

"हात वर बांधलेत, नाक खाजवता येईना,
निवृत्तीरावांचं तोंड काही बंद होईना!"

मी फस्सकन हसलो. ते आत ऐकू गेलं. पडद्यावर तिचं पोट हललं, मग खांदे, मग ती सगळीच गदागदा हसायला लागली.

"हलू नका!" तो माणूस ओरडला, कसलंसं बटण दाबलं, दार उघडलं आणि आत पळाला.

मी भिंतीला पाठ लावून खाली बसलो. संपलं. किरणं भलतीकडं गेली. काळजावर गेली असतील, डोळ्यांत गेली असतील. गाठीनं मारली नसती ती मी हसवून मारली. शर्टावरून मंगळसूत्र मुठीत धरलं आणि मला रडू फुटलं. आर्किटेक्टबाई काहीतरी सांगत होती, मला तिचे ओठ तेवढे हलताना दिसत होते.

तो परत आला. "काका, उठा. मशीन चालूच केलं नव्हतं. पण खुणा सरकल्या. सगळं पहिल्यापासून लावायला लागतंय."

आर्किटेक्टबाईनं नकाशा उलगडला आणि पेन्सिलीनं बारीकसं काहीतरी खोडलं. काय ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या वेळी मला बाकावर बसवलं, माईकपासून लांब. तोंडात टॉवेलचं टोक धरून मी बसलो. दारावरचा लाल दिवा लागला. आवाज नाही, वास नाही, काही नाही. चाळीत वाऱ्याची शीळ वाजते, उंदीर खुडबुडतात. इथं भिंत एवढी गप्प, की मला माझंच रक्त ऐकू येत होतं. मग दिवा विझला, दार उघडलं आणि सुमन वळणावरून केस सारखे करत चालत आली.

"झालं?" ती म्हणाली. "एवढंच?"

परतीच्या गाडीत ती पिंपळगावची द्राक्षं खात होती. मंगळसूत्र तिच्या गळ्यात परत गेलं होतं. मी बाहेर बघत होतो. आयुष्यभर मी वारा आत यावा म्हणून फटी ठेवल्या. त्या बाईनं एवढं काँक्रीट ओतलं ते आतलं बाहेर येऊ नये म्हणून, म्हणजे बाहेर बाकावर बसलेल्या माझ्यासारख्यांसाठी. भिंतीच्या बिनधोक बाजूला मी होतो, आणि थरथरतही मीच होतो. पण उद्याचं काय? शप्पथ तर मोडली होती. ती एकटीच होती आत. चांदवडचे दिवे दिसायला लागले तेव्हा मी हिंमत केली.

"सुमे, उद्या येशील ना?"

"येईन की. रोज येईन." तिनं द्राक्षाची बी खिडकीबाहेर थुंकली. "तुम्ही तेवढं घरी थांबा. आत मला भ्या नाय वाटत. तुमच्या तोंडाकडं बघितलं की वाटतं."