गोंधळी अण्णा आणि जयनगरचं भूछत्र

एखादी गोष्ट कळली नाही की माणसं तोंड लपवतात. अण्णांचा चेहरा उजळायचा. यंत्र बंद पडलेलं असावं, कारण सापडत नसावं, आम्ही सगळ्यांनी हवालदिल व्हावं, आणि अण्णांनी खुर्ची मागे सारून नाटकातल्या राजासारखे दोन्ही हात पसरावेत. "मंडळी, मी पूर्ण गोंधळलोय. म्हणजे आता काम सुरू झालं!" ऑफिसात त्यांना सगळे 'गोंधळी अण्णा' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि माझा संशय असा की हे नाव त्यांनी स्वतःच पसरवलं होतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमची छोटी कंपनी बंगळूरमध्ये घराघरांत बिनतारी इंटरनेट पोचवायची, म्हणजे निदान पोचवायला निघाली होती. अण्णा तिथले मुख्य इंजिनियर. मी पुण्याहून नुकताच आलेला, म्हणून माझं नाव 'पुणेकर'. मराठी माणूस भेटला या आनंदात मी पहिल्याच दिवशी त्यांना गाव विचारलं. "आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलं," अण्णा म्हणाले, "आणि परत जायचं तेवढं राहून गेलं." त्यांची मराठी गोड होती, पण निम्मी कानडी. कुठला शब्द कुठल्या भाषेतला हे त्यांनाही सांगता यायचं नाही. सांगायची गरज काय, असं त्यांचं मत होतं.

आमची दोन ठाणी होती. एक यशवंतपूरच्या एका गोदामाच्या गच्चीवर, दुसरं जयनगरमध्ये अक्कांच्या घरावर. अक्का म्हणजे अण्णांच्या ओळखीतल्या, त्यांच्यासारख्याच जुन्या मराठी घरातल्या एक विधवा बाई. या दोन गच्च्यांनी एकाच क्षणी बोलायचं आणि एकाच क्षणी गप्प बसून ऐकायचं, असा नियम होता. क्षण चुकला की एक ऐकायला बसे तेव्हा दुसरी ओरडत असे, आणि गिऱ्हाइकांचा आवाज त्या ओरड्यात बुडून जाई. अचूक क्षण कळावा म्हणून दोन्हीकडे एकेक पांढरी घुमटी बसवली होती. ती आभाळातल्या उपग्रहांकडून वेळ घ्यायची. तिला जीपीएसचा अँटेना म्हणायचं सोडून अण्णा 'भूछत्र' म्हणत.

जयनगरचं भूछत्र वेळ विसरू लागलं. रोज दुपारी दोन्ही गच्च्यांचं भांडण जुंपायचं, संध्याकाळी आपोआप मिटायचं. मी अक्कांना फोन करायचो, कारण यंत्राची पेटी त्यांच्या जिन्याखाली होती.

"अक्का, दिवा कुठला लागलाय?"

"तांबडा. रागावलंय वाटतं. मी तर मेले पातेलं पण ठेवते हो रोज!"

'मेलं पातेलं' ही शिवी मला घरची. माझी आई दिवसातून दहा भांड्यांना घालायची. बाई स्वयंपाकघरात वैतागल्या असतील असं समजून मी फोन ठेवायचो. मग अण्णा आणि मी रिक्षानं जयनगर गाठायचो. अक्का "या, बसा" म्हणून आधी गच्चीवर आणि मग स्वयंपाकघरात जायच्या. कॉफी यायची, आणि कपबशी रिकामी होईतो दिवा हिरवा! आम्ही वर जाऊन पाहायचो. भूछत्र उन्हात साळसूदपणे बसलेलं.

आम्ही वायर बदलली. नारळाच्या झावळ्या आड येतात म्हणून त्या छाटून घेतल्या. शेवटी अण्णांनी दोन्हीकडची भूछत्रं अदलाबदल केली. यशवंतपूरला गेलेलं 'बिघडलेलं' भूछत्र तिथं शहाण्यासारखं वागलं आणि तिथलं शहाणं जयनगरला येऊन दुसऱ्याच दुपारी बिघडलं. अण्णांनी टाळी वाजवली. "भूछत्र निर्दोष! पुणेकर, मी कालच्यापेक्षा जास्त गोंधळलोय!"

त्यात आणखी एक घोळ होता. उपग्रह दिसेनासे झाले तरी यंत्रातलं घड्याळ काही काळ अंदाजानं बरोबर चालत राहतं आणि मग हळूहळू पाऊल चुकतं. त्यामुळे भांडण दुपारी दिसलं तरी त्याचं मूळ सकाळी कधीतरी पडलेलं असणार. सकाळी जयनगरमध्ये असं काय घडतं? अण्णा म्हणायचे, "उपग्रहांना तिथलं काय आवडत नाही, तेच कळत नाही."

मग मुंबईच्या साहेबांचा निरोप आला. शुक्रवारी स्वतः येतो, तोवर हे मिटलं नाही तर बिनतारी विभाग बंद, आणि अण्णांची बदली मुंबईच्या गोदामावर. त्या दिवशी मी अण्णांना पहिल्यांदाच हात न पसरता खुर्चीत बसून राहिलेलं पाहिलं. "तीनशे वर्षांनी परत जायचं," ते हळूच म्हणाले, "आणि ते गोदामात?"

बुधवारी ते एकटेच जयनगरला गेले. मी ऑफिसातून अक्कांकडे फोन लावला.

"अण्णा आहेत का?"

"अण्णा मेले आहेत," अक्का शांतपणे म्हणाल्या.

"काय? कधी?"

"आत्ताच की."

"अहो, पण कसे?"

"शिडीवरून."

"देवा! डॉक्टरांना बोलावलंत का?"

"डॉक्टर कशाला? स्वल्प थांबा, खाली आले की बोलतील तुमच्याशी."

"अक्का, मेलेला माणूस खाली येऊन कसा बोलेल?"

"मेले म्हणजे मेले हो! वर! टाकीवर चढलेत! तुम्हाला मराठी येत नाही का?"

मेले म्हणजे वर. कानडी! जीव थाऱ्यावर आला आणि त्याच क्षणी दुसरं काहीतरी डोक्यात लख्ख झालं.

"अक्का... मग ते रोजचं मेले पातेलं?"

"भूछत्रावर ठेवते ना, स्टीलचं. सकाळी हप्पळ-पापड वाळत घालायला गेले की झाकते, संध्याकाळी काढते. ऊन किती, कावळे किती! अण्णाच म्हणाले होते बसवताना, 'अक्का, जिवापाड जपा.'"

"आत्ता आहे त्याच्यावर?"

"आत्ता कसं असेल? आणलं की खाली. तुम्ही लोक आलात की त्यातच दूध तापवते मी कॉफीला."

अण्णा फोनवर आले तेव्हा मी त्यांना सगळं ऐकवलं. मला वाटलं, आता हसतील. पण ते अगदी बारीक आवाजात म्हणाले, "पुणेकर, ह्यांना सांगायचं कसं? माझ्या शब्दाखातर रोज जिना चढल्या बाई."

सांगताना मी हजर होतो. गुरुवारी आम्ही पुन्हा गेलो. अण्णांनी दोनदा घसा खाकरला, एकदा भिंतीवरच्या कॅलेंडरचं कौतुक केलं आणि मग म्हणाले, "अक्का, ते भूछत्र लहान होतं तोवर तुम्ही झाकलंत, फार बरं केलंत. आता मोठं झालंय. त्याला आभाळ बघू दे."

"हौदा? खरंच?" अक्कांनी डोळे मोठे केले. "एवढ्यात मोठं झालं?"

"लवकर वाढतात ही," अण्णा गंभीरपणे म्हणाले.

"सरी, सरी. बरं, नाही झाकत."

शुक्रवारी साहेब आले. दिवसभर दोन्ही गच्च्या एका सुरात बोलत होत्या. दुपारी जयनगरच्या गच्चीवर उभं राहून साहेबांनी विचारलं, "एवढे दिवस नेमकं काय बिघडलं होतं?" अक्का जिन्याच्या तोंडाशी ताकाचे पेले घेऊन उभ्या होत्या. एका वाक्यात अण्णा सुटले असते. ते म्हणाले, "माझी चूक, साहेब. बसवताना मी चुकीची सूचना दिली होती." साहेबांनी कपाळाला आठी घातली, "असली हयगय पुन्हा नको" म्हणाले, विभाग चालू ठेवायला सांगितला आणि ताक पिऊन निघून गेले. जिवापाड जपण्यातून झालेल्या घोळाला 'हयगय' म्हटलेलं ऐकून मला खदखदून हसायचं होतं, पण अण्णांकडे पाहिलं आणि ताकाचा पेला तोंडाला लावला.

अण्णा जाऊन आता बरीच वर्षं झाली. बंगळूरमधून ते शेवटपर्यंत हलले नाहीत. मला ते आठवतात ते मात्र त्या शुक्रवारचे, साहेब गेल्यावर अक्कांनी आग्रहानं जेवायला बसवलं तेव्हाचे. अक्का सार वाढत होत्या. वाढता वाढता, जणू मीठच विचारतायत अशा सुरात म्हणाल्या, "पातेल्यामुळंच होत होतं ना हो, अण्णा?"

अण्णांचा घास हातातच राहिला.

"मला कालच कळलं. पण तुम्ही इतकं जपून सांगत होतात, मग म्हटलं, सांगू देत."

अण्णांनी पानावरची नजर काही वर केली नाही. त्यांचे कान तेवढे लाल झाले. अक्कांनी पानात आणखी भात वाढला, त्यावर तुपाची धार धरली आणि त्यांचं 'पुरे' ऐकायला थांबल्या. अण्णा काही 'पुरे' म्हणेनात.