हमीदभाईंची ओळख

आखातात, शुऐब्यातल्या आमच्या कंपनीची सरकारी कामं करणारे हमीदभाई कोणत्याही कचेरीत रिकाम्या हाताने गेले नाहीत. मूळचे दापोलीकडचे. मे महिन्यात हापूस, एरवी अत्तर, मधुमेही कारकुनाला बिनसाखरेची बिस्किटं. "पैसे दिले तर लाच, आंबा दिला तर ओळख," असं ते म्हणत. या ओळखीपायी त्यांच्या घरच्यांना हापूस फक्त वासाने माहीत होता.

दोन हजार सालानंतर बरीच कामं संगणकावर गेली. हमीदभाई डगमगले नाहीत. "तो संगणक बघतो कोण? केरळचा असेल तर केळ्याचे वेफर्स न्यायला हवेत," एवढंच म्हणाले.

मग आमचे ड्रायव्हर विश्राम परब यांचं प्रकरण झालं. संध्याकाळचं विमान, परवा कणकवलीला मुलीचं लग्न, आणि सकाळी कळलं की त्यांच्या नावावर सिग्नल तोडल्याचा दंड आहे. तो भरल्याशिवाय विमानतळावरून सोडत नसत. मी ऑफिसातल्या संगणकावरून दंड भरला. चहा निवायच्या आत पावती आली.

"पैसे घेतले कोणी?" हमीदभाईंनी विचारलं.

"कोणीच नाही."

"मग केलं कोणी?"

मी पावती पुढे केली. "कच्चं काम आहे. पक्कं करून आणतो," म्हणत ते विश्रामचा पासपोर्ट आणि वेफर्स घेऊन निघाले.

पुढचं त्यांनीच नंतर सांगितलं. वाहतूक कचेरीतल्या कारकुनाने संगणकाचा पडदा पाहिला, दंड भरलाय म्हणाला आणि वेफर्स परत केले. माणूस नाराज आहे, असा हमीदभाईंनी अर्थ काढला आणि बाजारातून कलिंगड आणलं. तेही परत आलं. अत्तर घेऊन पोचले तोवर कचेरी बंद झाली होती. मग ते कारकुनाचं घर शोधत रिग्गईच्या वस्तीभर फिरले.

विमानतळावर ते धापा टाकत आले तेव्हा शेवटची घोषणा चालू होती.

"माझ्या चेडवाचा लगीन कलिंगडापायी अडकवलात, हमीदभाय!" विश्रामनी पासपोर्ट हिसकावला आणि धाव घेतली.

काचेपलीकडच्या अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिलं, शिक्का मारला, पासपोर्ट सरकवला. मान वर केली नाही. विश्राम विमानाकडे पळत सुटले.

हमीदभाई काच बडवत होते. "विश्राम, मागे फिर! त्याने तुझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!"