एका भिंगाचे दोन शिष्य

काकाजींनी पहिल्या भेटीत मला दारातून हाकलले होते. त्यांच्या पंचाहत्तरीच्या पुस्तिकेत अशी सुरुवात शोभत नाही हे मला कळते, पण झाले ते तसेच.

ती कापसाच्या तेजीची वर्षे होती. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपून तिथला कापूस अडला होता आणि इकडे आमच्या काळ्या मातीचे सोने होत होते. शेतकरी दमणीच्या, म्हणजे हलक्या बैलगाडीच्या, चाकांना चांदीच्या पट्ट्या ठोकून घेत. मी भातकुलीचा, नुकते लग्न झालेला, चाके आणि जू करणारा सुतार. काम उदंड म्हणून अमरावतीस आलो होतो. एक दिवस कानस मागायला श्री. बळीरामजी मिस्त्री यांच्या दारात उभा राहिलो. खिडकीशी पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ लाकडी दांडीला बांधलेल्या वाटोळ्या भिंगावर वाकलेले होते. मान वर न करता ते म्हणाले, "कोन होय रे? उजेड खाऊन राहिला तू. हट तिकडं!"

मी हटलो, पण गेलो नाही. ते काय करीत आहेत हे पाहिल्याशिवाय पाय निघेना.

बळीरामजी, ज्यांना आपण सारे काकाजी म्हणतो, तान्ह्या पोळ्याचे बैल करीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, ते बैल. अंजनगाव, अकोटपर्यंत त्यांचे नाव होते. त्यांच्या शेजारी मुंबईचे एक दलाल उतरले होते. कापसाचा धागा किती लांब, किती बारीक, हे ते भिंगातून पाहत. काकाजींनी त्यांच्या मुलीला एक बैल दिला, म्हणून जाताना त्यांनी ते भिंग काकाजींना भेट दिले. काकाजींनी कौतुकाने आपलाच एक बैल त्याखाली धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. हाताला गुळगुळीत लागणाऱ्या अंगावर चरे होते, डोळ्याची कड फाटली होती, शेपटीचा गोंडा म्हणजे नुसती खरवड. त्या दिवशी ते जेवले नाहीत, असे त्यांच्या पत्नी अनसूयाकाकू सांगत. "आजवर लेकरांले मी जखमी बैल देत आलो," एवढेच ते म्हणाले.

दुसरा कोणी असता तर भिंग कोनाड्यात ठेवून मोकळा झाला असता. नाव होते, गिऱ्हाईक होते, वय साठीला टेकले होते. काकाजींनी त्या वयात पुन्हा श्रीगणेशा केला. मी कानस मागायला गेलो तेव्हा ते त्याच झगड्यात होते. मी रोजच जाऊन उभा राहू लागलो, तेव्हा त्यांनी मला ठेवून घेतले आणि कारणही स्वच्छ सांगितले: "तुले बारीक कामातलं काहीच येत नाही. मले जे येते ते भिंगाखाली चालत नाही. दोघंबी कोरेच. बस."

भिंगाखाली आपलाच हात परक्याचा वाटतो. कोरणी केसभर सरकवावी तर ती कासराभर पळते. श्वास सोडला की नाक गेले, खोकला आला की शिंग गेले. भिंगात अख्खा मावावा म्हणून बैल आता अंगठ्याएवढा, त्यामुळे नेहमीच्या कोरण्या त्याच्यापुढे कुदळीसारख्या दिसत. आम्ही दाभणे घासून नव्या कोरण्या केल्या. सागाचे रेषे ऐन वेळी दगा देत, म्हणून मेळघाटातले हळदूचे लाकूड आणले. ते पिवळे, घट्ट असते आणि बारीक धार सोसते. भिंग एकच, तेव्हा आळीपाळीने बसायचे. एकाने कोरायचे, दुसऱ्याने बाजूला बसून चुका काढायच्या, आणि चुका काढताना वयाचा मुलाहिजा नव्हता. "काकाजी, कान गेला," असे मी बेधडक म्हणत असे. ते मला काय म्हणत, ते या पुस्तिकेत छापता येणार नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा माझ्याच हातून झाला. भिंगातून पाहिले की काहीतरी साफ करायचे उरलेलेच दिसते. मी बैलाचे वशिंड घासत राहिलो. आता झाले म्हणावे, तर पुन्हा एक रेघ दिसे. शेवटी मोठ्या अभिमानाने तो बैल काकूंच्या हाती दिला. त्यांनी हात लांब करून पाहिला आणि विचारले, "गाय कावून केली रे?"

काकाजी पोट धरधरून हसले. मग तो बैल त्यांनी आधी भिंगाखाली धरला, नंतर काकूंसारखा हात लांब करून पाहिला. म्हणाले, "किसन्या, भिंग लाकूड दाखवते. बैल नाही दाखवत." तेव्हापासून नियमच झाला. थोडे कोरले की बैल काकूंपुढे धरायचा. त्या 'बैल' म्हणाल्या तरच पुढचे काम.

काकाजींचा स्वभाव तिखट. तेजीत गबर झालेल्या एका सद्गृहस्थांनी हातभर उंचीचा बैल मागितला. "मोठा बैल पाह्यजे तर तुमच्या गोठ्यात हाय की," म्हणून काकाजींनी त्यांना वाटेला लावले. काकूंनी कपाळाला हात लावला. पण याच माणसाने, माझे डोळे भिंगाने चुरचुरू लागले की, मला ओसरीवर आडवे करून धने भिजवलेल्या पाण्याच्या घड्या स्वतः ठेवाव्यात. माझ्या बापानेही कधी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला नव्हता.

असे करता करता एक दिवस वेसण सुटली. म्हणजे बैलाच्या नाकातली वेसण त्याच लाकडातून कोरलेली, पण बोटाने हलवली की हलू लागली. अर्धी त्यांनी कोरली होती, अर्धी मी. आम्ही दोघे शहाण्यासुरत्या वयाची माणसे ती वेसण पुन्हा पुन्हा हलवीत बसलो होतो. तेवढा आनंद मला पुन्हा झाला नाही. मुलगा झाला त्या दिवसाची क्षमा मागून हे लिहितो.

मग अमेरिकेतली लढाई संपली आणि कापसाचा भाव कोसळला. चाकांच्या चांदीच्या पट्ट्या उतरल्या. लाकडी बैल कोण घेणार? काकाजींनी अकोल्याच्या कापूस दाबण्याच्या कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला. मी जाईना, तेव्हा ते चिडले. "बायकोले उपाशी ठेवून बैल कोरतं काय? जाय तू. मी बोलावीन तवा ये कामाले."

तेव्हापासून मी त्या बोलावण्याची वाट पाहतो आहे.

अकोल्यात माझे वाईट झाले नाही. तुळया, खांब, चौकटी अशी मोठमोठी कामे करतो, हाताखाली माणसे आहेत, लोक मिस्त्री म्हणतात. एक भिंगही घेतले. सुटीच्या दिवशी ते लावून बसतो, पण शेजारी चुका काढणारे कोणी नाही. कान तुटला तर तुटला, कोणाला त्याचे दुःख नाही. थोड्या वेळाने मीच उठतो.

दरवर्षी पोळ्याला अमरावतीस जातो. पूर्वी त्या घरात माठातले पाणी मी आपल्या हाताने घेत असे. आता काकू पाट मांडतात, तांब्या पुढे करतात, आणि काकाजी पावसापाण्याची चौकशी करतात. एकदा खिडकीशी भिंगाखाली अर्धा कोरलेला बैल दिसला. राहवले नाही, हात कोरणीकडे गेला. काकाजी म्हणाले, "राहू द्या, किसनराव. लंबून आले तुमी, थकले असान."

राहू द्या. किसनराव. मी हात मागे घेतला आणि पाटावर जाऊन बसलो. निघताना काकूंनी माझा चेहरा ओळखला. "तुमच्या हाताखाली मानसं हायेत आता. मान ठेवून राहिले ते तुमचा," त्या म्हणाल्या. खरे आहे, आणि हा त्यांचा मोठेपणाच आहे. पण अकोल्याने मला त्या खिडकीपासून जितके दूर नेले नाही, तितके त्या एका मानाने नेले.

काकाजींचा हात आजही स्थिर आहे आणि भिंगाखाली नजरही चालते. ईश्वर ती तशीच ठेवो, त्यांना शंभरी गाठू देवो, आणि बैल ओळखणाऱ्या काकूंना तोवर त्यांच्याजवळ ठेवो, हीच आपणा सर्वांची इच्छा. या पुस्तिकेत सर्वांनी त्यांच्याविषयी आदराने लिहिले आहे, मीही लिहिले आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु समारंभात हे लेख वाचून दाखवणार आहेत असे कळते. तेव्हा मंडळींची परवानगी गृहीत धरून शेवटी त्यांच्याशीच बोलतो.

काकाजी, तुमी बोलावलं नाही, तरी मी येऊन राहिलो. कारखान्यात सांगून टाकलं हाय. पोरगा कामाले लागला, घरची काळजी नाही. पोळा झाला का मी तुमच्या खिडकीपाशी येऊन बसतो. भिंगावर पयली पाळी तुमची. मले पाट नोको, तांब्या नोको, मान त बिलकुल नोको. चुकलो त शिव्या द्या, पन मले 'तू' म्हना.