संत्याची आवडती कॅसेट

मंडळी, आपल्या गेमिंग कम्युनिटीतल्या बऱ्याच जणांना वारूळवाडीचा संत्या आठवत असेल. आज सकाळी ओझरला नदीवर त्याचा दहावा होता.

पिंडाजवळ त्याच्या आवडीचं ठेवायचं म्हणून घरच्यांनी भजी आणि चहा ठेवला. मी शाळेतल्या दिवसांतली टीव्ही गेमची कॅसेट नेली होती, मारामारीची. पुढं आम्ही सायबर कॅफेत बंदुकीचे गेम खेळलो, मोबाईलवर सापाचा गेम खेळलो. पण त्याच्या घरी गेलो की कायम हीच कॅसेट लागायची.

कावळा काही शिवेना. त्याचा भाऊ हात जोडून म्हणाला, "आईला सांभाळीन." मी म्हणालो, "तुझी कॅसेट जपून ठेवीन." कावळे झाडावरून हलेनात.

तेव्हा काकी, म्हणजे संत्याची आई, कॅसेटकडं बघत हळूच म्हणाल्या, "ही तुझ्या आवडीची रं. त्याला गाड्यांची लई आवडायची. पण त्यात एकानं खेळायचं अन् दुसऱ्यानं नुसतं बघत बसायचं. म्हणून तू आला की तो ही लावायचा."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

नंतर त्यांच्या घरून निघताना काकींनी गाड्यांची कॅसेट माझ्या हातात दिली. घरी येऊन माळ्यावरचा गेम काढला, टीव्हीला जोडला. मघापासून गाडी रेषेवर उभी आहे.

आज मी नुसता बघत बसायला तयार आहे, राव. पण चालवणार कोण?